शेवंती जमिनीतच हिवाळा काढेल का?

नवी_पालवी:

नमस्कार मंडळी. शेवंतीबद्दल विचारायचं आहे.

आमच्याकडे हिवाळ्यात पारा उणे १५, कधीकधी उणे २० पर्यंत उतरतो. बर्फ पडतो, पण टिकत नाही हीच खरी पंचाईत. आठवडाभर सगळं पांढरं, मग चार दिवस नुसता चिखल, की पुन्हा माती कडक.

मागच्या शरदात नर्सरीतून शेवंती आणली होती. लेबलवर 'थंडी सोसणारी, बहुवर्षायू' असं छापलेलं, म्हणून फुलं असतानाच वाफ्यात लावून टाकली. वसंतात बाकी सगळं फुटलं, ही मात्र ढिम्म. एक रोप धरून जरा ओढलं तर मुळांसकट अलगद हातात आलं. मुळांचा गोळा अगदी कुंडीच्याच आकाराचा, तळाला कुंडीच्या भोकांचे ठसेसुद्धा तसेच्या तसे.

यंदा पुन्हा मोह आवरला नाही. दोन पिवळ्या, एक विटकरी, एक जांभळट गुलाबी. चारही अजून कुंडीतच आहेत आणि फुलांनी लगडल्या आहेत. जमीन गोठायला अजून महिना-सव्वा महिना असेल. आत्ता लावू का? फुलं संपली की दांडे जमिनीलगत कापायचे की तसेच ठेवायचे? आच्छादन कशाचं आणि कधी घालायचं? की सरळ घरात घेऊ? जिथे वाचते तिथे वेगळंच लिहिलेलं असतं, डोकं चालेनासं झालंय.

आळशी_माळी:

माझं साधं धोरण: शेवंती हंगामी समजायची. फुलं बघायची, सुकली की कंपोस्टात. पुढच्या वर्षी नवी. डोक्याला ताप नाही.

खुरपं:

पालवी, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे. मुळांचा गोळा कुंडीच्या आकाराचा राहिला म्हणजे ते रोप तुझ्या जमिनीत कधी शिरलंच नाही. थंडीने मारलं असं म्हणून थंडीला बोल लावू नकोस. थंडी फक्त शेवटी आली.

झालं काय ते सांगते. शेवंती रात्र मोठी होऊ लागली की कळ्या धरते. एकदा कळ्या धरल्या की झाडाची सगळी ताकद फुलांकडे जाते, मुळांकडे फारसं काही उरत नाही. त्यात माती गार होत जाते, मुळांची वाढ आणखी मंदावते. नर्सरीवाले रोप विकतात ते नेमकं याच वेळी, कारण फुललेलं रोपच विकलं जातं. त्यांचं चुकत नाही, धंदा आहे. पण रोपाच्या दृष्टीने लावायला याहून वाईट मुहूर्त नाही.

दुसरी गोष्ट, कुंडीतलं मिश्रण हलकं, सच्छिद्र असतं आणि तुझ्या वाफ्यातली माती जड. पाणी दोघांत वेगवेगळं धरलं जातं. मुळं त्या हलक्या गोळ्यातच गोल गोल फिरत बसतात, बाहेरच्या मातीत पाय टाकत नाहीत. मग सुरू होते गोठण आणि वितळण. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण रोप वर उचललं जातं ते तेवढ्याने नव्हे. गोठणारा थर खालच्या मातीतलं पाणी वर ओढून घेतो, मातीत बर्फाचे पापुद्रे जाडावत जातात आणि वरचा थर रोपासकट उचलला जातो. वितळताना माती खाली बसते, रोप मात्र पूर्वीच्या जागी परत बसत नाही. असं चार-पाच वेळा झालं की शेवंतीचा बुंधा मातीच्या वर येतो, उथळ मुळं उघडी पडतात आणि कोरड्या वाऱ्याने वाळून जातात. म्हणूनच तुझं रोप अलगद हातात आलं. ज्याच्या मुळांनी वाफ्याच्या मातीला धरलेलं असतं ते असं सुटत नाही.

सतत बर्फाखाली राहणारी शेवंती तुझ्यापेक्षा जास्त थंड प्रदेशातही जगते ती याचमुळे. जाड बर्फाखाली माती शून्याच्या आसपास बरीच स्थिर राहते. तुझ्याकडे बर्फ टिकत नाही, तेव्हा ते काम तुला करावं लागणार.

आता यंदाच्या चार रोपांचं. पहिलं काम म्हणजे परीक्षा. फुलांचा भार हाताने बाजूला कर आणि दांडे मातीतून जिथे निघतात तिथे नीट बघ. दांड्यांच्या बुडाशी, मातीला चिकटून, बोटाच्या पेराएवढे हिरवे फुटवे दिसतायत का? लहान, गच्च पानांचे, मातीतूनच वर आलेले. पुढच्या वर्षीचं झाड ते आहे. वरचे दांडे तसेही हिवाळ्यात मरणारच. बागेसाठी तयार केलेल्या वाणांना जमिनीखालून धावणारे फुटवे येतात. खोलीत ठेवायच्या शोभेच्या वाणांना ते कमी येतात किंवा येतच नाहीत, कारण त्यांची निवड मोठ्या फुलासाठी झालेली असते, हिवाळ्यासाठी नाही. लेबल काहीही म्हणो, मी बुडाशी बघते.

लावणीसाठी जमीन गोठण्याआधी सहा आठवडे तरी मिळावेत असा माझा आडाखा आहे. तुझ्याकडे तेवढे नाहीत. म्हणून सगळी अंडी एका टोपलीत नको. फुटवे असलेलं एक रोप आजच जमिनीत लाव. बाकीची कुंडीत ठेव, त्यांचं खाली वेगळं लिहिते.

जमिनीत लावणार त्याची फुलं आणि कळ्या सगळ्या कापायच्या. हो, सगळ्या. जीव तुटतो हे मला माहीत आहे, पण फुलं आणि मुळं दोन्ही एकदम मिळणार नाहीत. निम्मी उंची ठेव, बाकी फुलदाणीत घाल. मग मुळांच्या गोळ्याला बाजूने बोटं घालून मुळं मोकळी कर, तळाचा गुंता फाडून टाक. हळुवारपणा इथे कामाचा नाही. कुंडीत जेवढ्या खोलीवर होतं तेवढ्याच खोलीवर लाव, बुंधा पुरू नकोस, तो कुजतो. जागा उन्हाची हवी आणि पाण्याचा निचरा होणारी हवी. चिखल चार दिवस टिकतो म्हणतेस त्या अर्थी वाफा वीतभर उंच करून घे. माझ्या अनुभवात कडाक्याच्या थंडीपेक्षा हिवाळ्यातल्या ओल्या मातीने जास्त शेवंत्या घालवल्या आहेत. गार, तुंबलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, मूळकूज होते आणि वरून मात्र सगळ्यांना वाटतं की थंडी बाधली.

खत आता अजिबात नको. नत्र मिळालं की कोवळी वाढ होते आणि पहिल्याच हिमात ती काळी पडते. खरं तर उन्हाळा सरत आला की नत्र बंदच करायचं असतं. पाणी मात्र जमीन गोठेपर्यंत चालू ठेव. पाऊस नसेल तर खोलवर दे आणि वाफसा आला, म्हणजे वरची माती जरा सुकून मोकळी झाली, की पुन्हा.

उरलेले दांडे कापू नकोस. सुकलेले, कुरूप दिसले तरी वसंतापर्यंत तसेच राहू देत. त्यात पाला अडकतो, उडता बर्फ अडकतो, बुडावर आयता थर बसतो. शिवाय वसंतात रोप कुठे आहे ते कळतं.

आच्छादनाची घाई सगळेच करतात. पहिली थंडी पडली की पेंढा टाकून मोकळे होतात. माती उबदार राहते, उंदीर घरटं करतात, बुंधा ओला राहून सडतो. मातीचा वरचा थर गोठू दे, बोटाने दाबला तर दबणार नाही इतका, आणि मग घाल. आच्छादनाचं काम रोपाला ऊब द्यायचं नसून गोठलेलं गोठलेलंच ठेवायचं आहे. थर्मासमध्ये बर्फ ठेवतो तसं. दुपारच्या उन्हाने वितळायचं आणि रात्री गोठायचं, हा खेळ थांबला पाहिजे. पेंढा, पाइनच्या सुया किंवा सूचिपर्णी झाडांच्या फांद्या, चार ते सहा इंच, भुसभुशीत. रुंद पानांचा पाला एकटा घालू नकोस, ओला झाला की त्याचे थर एकमेकांना चिकटून चटई बनते आणि खाली हवा जात नाही. मला स्वतःला फांद्या सगळ्यांत आवडतात. वाऱ्याने उडत नाहीत आणि वसंतात दोन मिनिटांत उचलता येतात.

छाटणी_बहाद्दर:

खुरपंकाकू, दांडे ठेवण्याला माझा विरोध आहे. मी दरवर्षी फुलं संपली की सहा इंचांवर कापतो, अख्खा गड्डा उपटतो, माती झटकतो आणि पेटीत हलक्या मिश्रणात ठेवून न तापवलेल्या काचघरात हिवाळा काढतो. हिवाळा सरताना त्याच गड्ड्यांवरच्या फुटव्यांपासून कलमं करतो. जुने दांडे आणि पानं बागेत ठेवली की रोग मुक्कामाला राहतात. पानांतले सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, सुकलेल्या पानांतसुद्धा तग धरतात.

खुरपं:

बहाद्दर, तुमची पद्धत उत्तम आहे, पण ती कशासाठी आहे तेही सांगा ना. प्रदर्शनाची, मोठ्या फुलांची, उशिरा फुलणारी वाणं थंडी आणि त्याहून जास्त हिवाळी ओल सोसत नाहीत. ती उपटूनच जपावी लागतात. तिथे दरवर्षी नव्या कलमापासून झाड करणंच योग्य, जुन्या गड्ड्यावर तसं फूल येत नाही. पालवीकडे काचघर असल्याचं ती म्हणत नाही आणि तिला बागेतली झुडपी शेवंती हवी आहे.

रोगाचं मात्र मान्य. उन्हाळ्यात खालची पानं शिरांच्या मधोमध तपकिरी, त्रिकोणी चट्ट्यांनी वाळत वर चढली असतील तर सूत्रकृमीचा संशय धरायचा. पानाखाली फिकट, फोडासारखे उठाव आले असतील तर पांढरा तांबेरा, हा बुरशीचा रोग. अशा रोपाचे दांडेही ठेवू नयेत आणि रोपही ठेवू नये, कंपोस्टातही टाकू नये. निरोगी असेल तर गळून पडलेली पानं वेचायची आणि दांडे ठेवायचे. दोन्ही साधतं.

कुंडीतलं_जग:

कुंडीवाल्या रोपांसाठी माझे चार शब्द, कारण माझ्याकडे जमीनच नाही, सगळं कुंडीत.

कुंडी उघड्यावर ठेवू नका. जमिनीत थंडी फक्त वरून येते, कुंडीत चारही बाजूंनी. जमिनीत सहज जगणारं रोप त्याच थंडीत कुंडीत मरतं. न तापवलेलं गॅरेज, शेड, जिन्याखालची गार जागा, जिथे तापमान शून्य ते पाच-सहा अंशांत राहील अशी कुठलीही चालेल. फुलं संपून पानं मरगळली की आत घ्यायची. झोपलेल्या रोपाला उजेड लागत नाही, तेव्हा खिडकी नसली तरी काळजी नको.

पाण्याचा अंदाज कुंडी उचलून घ्यायचा. आत घेताना एकदा उचलून वजन लक्षात ठेवायचं. पिसासारखी हलकी लागली की पेलाभर पाणी, बस. सहसा महिन्यातून एकदा पुरतं. पूर्ण कोरडं केलं तरी मरतं आणि ओलं ठेवलं तरी मरतं, पण लोकांचा हात ओल्याकडेच जास्त वळतो.

दिवाणखान्यात मात्र अजिबात नको. उबेत ते झोपत नाही, पांढुरके लांबलचक फुटवे काढत राहतं आणि त्यावर मावा चढतो. वसंतापर्यंत रोप दमून जातं.

गॅरेजसुद्धा नसेल तर कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरायची आणि वर आच्छादन घालायचं. तेही जमतं.

आळशी_माळी:

एवढं वाचून मीच दमलो. माझा कंपोस्टाचा सल्ला कायम. 😄 पण एक खरंच विचारतो, वसंतात कळतं कसं की जिवंत आहे की गेली? वरचे दांडे तर सगळेच मेलेले असतात.

खुरपं:

दांडा खरवडून बघू नका, त्याने काही कळत नाही. तो मेलेलाच असतो. आच्छादन थोडं बाजूला करून बुंधा दाबून बघायचा. टणक असेल तर वाट बघायची. मऊ, काळपट आणि वास येणारा असेल तर गेली. शेवंती उशिरा उठते. शेजारची सगळी झाडं हिरवी झाली तरी हिला वेळ द्यायचा. मधेच उकरून बघणाऱ्यांचा हातच तिला मारतो.

थंडी ओसरताना, माती मोकळी झाली की पहिलं काम म्हणजे फिरून बघायचं की कोणतं रोप वर उचललं गेलंय. उचललेलं असेल तर तळव्याने दाबून परत बसवायचं, शेजारून माती ओढायची. आच्छादन एकदम काढायचं नाही. फुटवे हिरवे दिसू लागले की थर थोडा पातळ करायचा आणि उशिराच्या हिमाची रात्र आली तर परत ओढून घ्यायचा. मग जुने दांडे जमिनीलगत कापायचे.

दर दोन-तीन वर्षांनी वसंतातच गड्डा उपटून विभागायचा. मधला भाग लाकडासारखा टणक होतो, तो फेकायचा आणि कडेचे, मुळं असलेले जोमदार फुटवे वेगवेगळे लावायचे. विभागणी टाळली की झाड मधून पोकळ होतं आणि हिवाळाही नीट काढत नाही.

आणि शेंडे खुडायचे. फुटवे सहा इंच झाले की वरचा शेंडा नखाने खुड. प्रत्येक नव्या फांदीला तसंच. उत्तर गोलार्धात जुलैच्या सुरुवातीला थांब, पुढे खुडलं तर कळ्याच जातात. नर्सरीतलं ते गोल, गच्च झुडूप खुडण्यानेच होतं. खुडलं नाही तर दुसऱ्या वर्षी तीन फूट लांब, आडवी पडलेली शेवंती मिळते आणि लोक म्हणतात वाण बिघडलं.

नवी_पालवी:

काकू, कुंडीतलं_जग, बहाद्दर, सगळ्यांचे खूप आभार! आत्ताच जाऊन बुडाशी बघून आले. विटकरी रंगाच्या शेवंतीला भरपूर फुटवे आहेत, एका बाजूला तर मातीवर हिरवी गर्दीच. पिवळ्यांना दोन-तीन, बारीक. जांभळट गुलाबीला एकही नाही, नुसते गुळगुळीत दांडे.

अजून दोन शंका. फाटकाजवळच्या वाफ्यात रात्रभर दिवा असतो. तिथे लावली तर चालेल का? आणि पुढच्या वसंतात मुद्दाम शोधून घ्यायची झाली तर कोणती वाणं मागू?

छाटणी_बहाद्दर:

दिव्याखाली नको. १९२० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलणं अवलंबून असतं हे दाखवून दिलं आणि शेवंती उत्पादकांचा अख्खा धंदा आज त्यावरच चालतो. रात्री दिवे लावून फुलणं लांबवतात, दिवसा काळं कापड टाकून लवकर फुलवतात. झाडाला सलग अंधार मोजायचा असतो. तुमच्या फाटकावरचा दिवा त्याची रात्र मोडेल, कळ्या उशिरा धरतील आणि उमलायच्या आधीच हिमात जातील.

खुरपं:

वाणांचं सांगते. 'क्लारा कर्टिस': एकेरी गुलाबी फूल, मध्ये पिवळं, फुटवे इतके की आवरावे लागतात. 'शेफील्ड पिंक': जर्दाळूकडे झुकणारा गुलाबी, फार उशिरा फुलते, तेव्हा तुझ्याकडे हिम लवकर येत असेल तर भिंतीच्या आडोशाला लाव. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९३० च्या दशकापासून थंडीसाठी शेवंतीची निवड चालू आहे, त्यांची 'मॅमथ' मालिका तुझ्या उणे २० ला भीक घालणार नाही. यातली पहिली दोन वाणं दिसायला साधी आहेत. नर्सरीतल्या त्या गच्च गोळ्यांचा झगमगाट त्यांत नाही, पण ती दरवर्षी येतात. वसंतात, हातभर मोठी व्हायच्या आत घे आणि उन्हाळाभर मुळं धरू दे. या धाग्यातला निम्मा उपद्व्याप वाचेल.

तुझ्या चौघींचं असं कर. विटकरी उद्याच जमिनीत, फाटकापासून लांब. तिची फुलं कापायची हिंमत आज रात्री गोळा कर. पिवळ्या दोन्ही गॅरेजमध्ये, फुलं संपल्यावर. जांभळट गुलाबी दाराशी ठेव, फुलं असेतो बघ, तिच्यासाठी पेंढा आणि जागा खर्च करू नकोस.

आणि विटकरीच्या शेजारी एक काठी रोवून ठेव, वाणाचं नाव पेन्सिलने लिहून. शाई हिवाळ्यात उडते. वसंतात आर्टेमिसिया म्हणजे दवण्याच्या गटातलं एक तण नेमकं शेवंतीसारखंच कातरलेलं पान घेऊन उगवतं, वासही जवळपासचा. पान उलटं करून बघायचं, खालून चांगलं चंदेरी पांढरं असेल तर ते तण. तेवढं बघितल्याशिवाय काठीच्या आसपास खुरपं चालवू नकोस.